चांदाच्या खुणेचा पाटा

२१ सप्टेंबर १९७८

ही डायरी हातात येऊन चौदा दिवस झाले आणि पहिला शब्द आज लिहितो आहे. रोज ठरवत होतो. एक दिवस पेनात शाई नव्हती. एक दिवस शाई होती, तर सक्करदऱ्याच्या तलावात म्हशी पोहत होत्या, त्या पाहत बसलो. मग गणपती बुडवायचे होते. मग काही नव्हतं, तरी लिहिलं नाही.

डायरी सन ७६ ची आहे, एका बियाणेवाल्याची. वार जुळत नाहीत म्हणून ते खोडतो, तारीख ठेवतो. मी ज्यांच्या भट्टीवर काम शिकतो त्या रुपराव मिस्त्रींनी दिली, मापं लिहायला. म्हणाले, "तुह्या डोक्यात माप टिकत नाही, लहान्या. कागदावर ठेव." अजून एकही माप लिहिलेलं नाही.

मी लहानू. नववीत शाळा सुटली, का सोडली असं म्हणू. पाच वर्षांत इटारसीला हॉटेलात कपबश्या, रायपूरच्या ट्रकवर क्लीनर, एका सर्कशीत खुंट ठोकायला. सहा महिन्यांच्या वर कुठंही नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची मारबत, म्हणजे पुतळ्यांची मिरवणूक, पाहायला नागपुरात आलो. मारबत गेली, मी राहिलो.

शेड टिनाचं आहे. अर्ध्यात भैय्याजींचं लेथ, अर्ध्यात मिस्त्रींची भट्टी. भैय्याजी जबलपूरकडचे, त्यांच्या भिंतीवर विश्वकर्मा. मिस्त्रींच्या भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब. मधे भिंत नाही. नळ एक, ऐरण एक, चहा एक.

झोपणं शेडच्या ओसरीत, जेवण मिस्त्रींच्या घरी. पहिल्या दिवशी सिंधूताईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, ताट वाढता वाढता विचारलं, "हे पाखरू किती दिवस राहते जी?" मिस्त्री म्हणाले, "डाळ पातळ केली तं उद्याच जाईन." डाळ घट्ट असते.

२४ सप्टेंबर

शालिकरामची गाडी आली. नागपूर, उमरेड, भिवापूर अशी सवारी मारतो. गाडी विलायती, फार जुनी. कोण्या साहेबाची होती म्हणे. पाच माणसांची गाडी, तो अकरा बसवतो. मी मोजून दाखवले तर म्हणतो, "लेकरं माणसात धरतो काय गा तू?"

गाडीचं बूड इतकं बसलं आहे की खड्डा आला की रस्त्याला घासतं. मिस्त्री खाली झोपले. मागच्या चाकांवर कमान असते, म्हणजे पोलादी पट्ट्यांची गड्डी, एकाखाली एक आखूड होत गेलेले पाटे. सगळा भार तिच्यावर.

"थकली तुही कमान," मिस्त्री खालूनच म्हणाले.

"नवी टाका."

"नवी कुठून आनू? इंग्रज संगं घेऊन गेले."

शालिकरामचा चेहरा पडला. सिंधूताई डबा घेऊन आल्या होत्या, त्यांचा त्याहून जास्त. त्यांची पुष्पलता भिवापूरला दिली आहे. आठवा लागतो आहे, पहिलंच. दसरा झाला की बाळंतपणाला इकडं आणायची, याच गाडीनं. एस.टी.त उभं राहून यायला जावई नाही म्हणतो. "मागच्या साली त्या रस्त्यानं माह्या मडक्यातलं दही घुसळून निघालं," त्या म्हणाल्या. "पोरीचं काय होईन?"

मिस्त्री गाडीखालून निघाले. हात पुसत बसले. ते असे हात पुसतात तेव्हा विचार करत असतात.

२६ सप्टेंबर

झोप लागत नाही. बरं वाटतं आहे.

रायपूरला ट्रकखाली ग्रीस मारताना पाहिलं होतं. भाराच्या ट्रकला मुख्य कमानीशिवाय एक जादा कमान असते. ट्रक रिकामा असला की ती नुसती बसून असते, पगार खाते. माल भरला की कामाला लागते. तसंच गाडीला का नको? गड्डीच्या खाली एक जाड, जवळजवळ सपाट पाटा. गाडी रिकामी, तर त्याची टोकं मोकळी. शालिकरामनं अकरा कोंबले, कमान झुकली, की हा खालून खांदा देणार. बोल्ट तेच, जरा लांब.

सिनेमाच्या जाहिरातीच्या पाठीवर काढलं. सात वेळा काढलं. सातव्या वेळी पाट्याला पाय काढले आणि एक टोपी, कारण भैय्याजी चहा आणायला गेले होते आणि वेळ होता.

मिस्त्रींना दाखवलं. त्यांनी बराच वेळ पाहिलं.

"हे टोपी कायले?"

"ते सोडा."

"टोपी सोडली तं बाकी चालन," म्हणाले आणि कागद घडी करून खिशात ठेवला.

माझा कागद आजवर कोणी खिशात ठेवला नव्हता. मास्तर फाडत.

३० सप्टेंबर

पहिल्यांदा मापं: लांबी सव्वीस इंच, रुंदी पावणेदोन, जाडी तीन सूत, मधे भोक पाच सूत. लिहिली एकदाची.

मिस्त्रींनी लाकडाचा नमुना करायला लावला. मी म्हटलं सरळ लोखंडालाच हात घालू. "लाकूड चुकलं तं चुलीत जाते. लोखंड चुकलं तं मानूस जाते," म्हणाले. दोनदा लाकूड चुकलं. सिंधूताईंची चूल दोन दिवस चांगली पेटली.

आज तिसरा नमुना गाडीखाली धरून पाहिला. बसला. शालिकराम मला आता इंजिनेर म्हणतो. टोमणा आहे, पण मी ओ देतो.

४ ऑक्टोबर

भंगारातून ट्रकच्या कमानीचे पाटे आणले. लाल करून कापले, भैय्याजींनी भोकं पाडून दिली. दोन लागतात, डावा आणि उजवा. मिस्त्रींनी चार करायला लावले. त्यांची रीत आहे, जोडीला जोडी. एक जोडी जाते, एक जोडी घरी राहते. का, विचारलं. "गेलेल्याची खबर घरचा देते," म्हणाले. अर्थ कळला नाही, कळल्यासारखी मान हलवली.

आमच्या घरच्या बैलांच्या पुठ्ठ्यावर चांदाचा डाग असतो. बाजारात हरवलं जनावर तरी लोक म्हणत, हे आर्वीकडल्या अमक्याचं. आज छिन्नी हातात होती, वाटलं माझ्याही कामावर खूण असावी. मिस्त्रींनी पाहिलं.

"छिन्नी ठेव गा."

"काहून?"

"पाट्यावर खाच पडली की तिथूनच फाटते. कपड्याले दातानं जरासा तोडला की सर्र फाटते, तसा."

मी ठेवली. ते जेवायला गेले तेव्हा चारही पाट्यांवर, खालच्या अंगाला, भोकाशेजारी बारीक चंद्रकोर मारली. अगदी वरवर. नखाएवढी. खाच म्हणण्यासारखी नाहीच.

९ ऑक्टोबर

आजचं काम पाहण्यासारखं होतं. पाटे चेरीसारखे लाल केले आणि जळक्या तेलात बुडवले. असा आवाज झाला की तलावावरची बगळ्यांची रांग उडाली. याला पाणी पाजणं म्हणतात, तेल असलं तरी.

मिस्त्रींनी थंड झालेला पाटा हातात घेऊन मला समजावलं. जसं बोलले तसं लिहितो, मापासारखं:

"पाणी पाजलेलं पोलाद म्हंजे रागावलेला मानूस. कडक राह्यते, पन वाकत नाही. वाकवाले गेलं की मोडते. मंग त्याले पुन्हा हळूहळू गरम करा लागते. लाल नाही. कडुलिंबाची काडी घासली की धूर निघाला पायजे, पेटली नाही पायजे. रंग निळसर येते. तेव्हा बाजूले काढून राखेत झोपवाचं. याले म्हनते समजावनं. न समजावता कोनाच्या गाडीले लावू नये."

उद्यापासून ते तीन दिवस दीक्षाभूमीवर. गावोगावचे लोक येतात, यांच्या वस्तीचा पाण्याचा मांडव असतो, दरवर्षी पाइप आणि नळ हेच जोडून देतात. जाताना म्हणाले, "उद्या सकाळी चारही समजाव. एकाले अर्धा घंटा. घाई नको करू अन् भट्टीपासून हलू नको. परवा शालिकराम येईन, बसवून दे."

"हो जी," मी म्हटलं. दोन तासांचं काम. उद्या सकाळीच उरकतो.

१० ऑक्टोबर

सकाळी जाग आली तेव्हा भैय्याजी भट्टीवर पाणी ओतून मोकळे झाले होते. आज खंडेनवमी.

"आज लोहे को तपाते नहीं, भई," म्हणाले. "आज औजारों का आराम. पूजा मांडायची हाये, हातोडे धुवून दे."

मी म्हटलं, मिस्त्रींनी काम सांगितलं आहे. ते म्हणाले, मिस्त्रींचा सण निराळा, ते नाही त्यात पडत, पण शेड एक आहे आणि ऐरण एक आहे. वर्षातून एक दिवस मागतो. बोलले ते खरं होतं. माझ्या घरीही आजच्या दिवशी विळ्याला हात लावत नाहीत. पूजा उठली की संध्याकाळी भट्टी पेटवता येईल, असं भैय्याजीच म्हणाले.

हातोडे, सांडशा, लेथच्या पट्ट्या, सगळं धुवून पाटावर मांडलं. मग वाटलं, माझे पाटेही मांडावेत. कशाला नको? चौघांना तेल पुसलं, हळदकुंकू लावलं, झेंडू वाहिला. इतके चांगले दिसले की दोनदा वळून पाहिलं.

संध्याकाळपर्यंत करायचं काय? कस्तुरचंद पार्कात रावण उभा करत होते, गेलो. रावणाचं पोट म्हणजे सगळं बांबूचं काम आहे. बालाघाटकडचा बांबू ओला असतानाच वाकवून घेतात, म्हणजे मोडत नाही. दहा डोकी एका आडव्या बांबूवर. मधल्या डोक्याचा भार मानेवर येतो, बाकी नऊ हवेत लोंबतात, म्हणून मधे कैची लावतात. मी त्या कारागिराला म्हटलं, खालून एक जादा कामटी दे, वारा सुटला तरच टेकेल अशी. त्यानं दिली. मग त्यानं मला वर चढवलं, सातव्या डोक्याचं नाक मी चिकटवलं. मिशीही अर्धी. एका रावणाला वीस मिश्या लागत नाहीत, दहाच लागतात, पण दोन्ही बाजू धरल्या तर वीस. तिथं एक माणूस भेटला, तो सर्कशीतला निघाला, आमच्या सर्कशीतला नाही, दुसऱ्या. त्यानं चिवडा खाऊ घातला. उंटाच्या दुखऱ्या पायाची गोष्ट सांगितली ती फार लांब आहे, उद्या लिहीन.

परत आलो तर शेडला कुलूप. पाट्यांचं राहिलं. सकाळी लवकर उठून समजावतो.

११ ऑक्टोबर, दसरा

शालिकराम सूर्याच्या आधी आला. दीक्षाभूमीला यायच्या सवाऱ्या उमरेडात वाट पाहत होत्या. भैय्याजींनी कुलूप उघडताच पाटे पूजेतून उचलून त्याच्या हातात गेले, हळदीकुंकवासकट. मी म्हटलं, जरा दोन तास थांबतो का. तो म्हणाला, "कायले? देवाचा हात लागला, आता तुहा कायले लावतो?"

बसवले. झकास बसले. अकरा माणसं कोंबली तरी बूड दोन बोटंच खाली.

तेलात बुडवलेच होते. कडक आहेतच. कडक असणं काही वाईट नाही. उरलेली जोडी समजावून ठेवीन, म्हणजे रीत पुरी होईल.

१३ ऑक्टोबर

मिस्त्री आले. आवाज बसला आहे, पाय सुजले आहेत, चेहरा उजळला आहे. लाखांनी माणसं आली म्हणाले. एका म्हातारीनं यांच्या नळाचं पाणी पिऊन विचारलं, किती देऊ बापू? अन् हे तिथंच रडले. ही गोष्ट सिंधूताईंनी सांगितली, त्यांनी नाही.

मला म्हणाले, "झालं काम?"

मी म्हटलं, "झालं."

त्यांनी बसवण्याबद्दल विचारलं असणार. बसवलं तर होतंच.

१६ ऑक्टोबर

उरलेली जोडी फळीवर आहे, अजून हळदीची. रोज पाहतो. मिस्त्रींनीही पाहिली, हात लावला नाही. भैय्याजींचं देवाचं आहे म्हणून ते त्याला हात लावत नाहीत. भैय्याजी मिस्त्रींचं म्हणून लावत नाहीत.

गाडी चार-पाच फेऱ्या करून आली. शालिकराम खूश आहे. म्हणजे सगळं ठीक आहे.  शेगावला एक ओळखीचा आहे, बोलावतो आहे केव्हाचा. जाऊन यावं का? नुसतं यावं जाऊन.

उद्या सिंधूताई भिवापूरला जातात, परवा सकाळी पुष्पलताला घेऊन निघतील. त्यांनी मला विचारलं, "तुहा पाटा माह्या लेकीले सांभाळन ना गा?"

मी म्हटलं, "सांभाळन जी."

१७ ऑक्टोबर

जसं झालं तसं लिहितो.

सकाळी सातला गाडी निघाली. सिंधूताईंनी लेकीला द्यायला तिळाचे लाडू नेले, दोन मला ठेवले. मिस्त्री सायकलनं जरीपटक्याला एक सुटा भाग आणायला गेले. मी शेड झाडत होतो. फळीवरून एक पाटा खाली आला, कमरेएवढ्या उंचीवरून, ऐरणीच्या कोपऱ्यावर.

काच फुटावी तसा आवाज. दोन तुकडे. भोकाशेजारून, बरोबर चंद्रकोरीतून. आतली कड पांढरी, दाणेदार, साखरेसारखी.

ट्रकचा पाटा मी छतावरून पडताना पाहिला आहे. तो उडतो. तुटत नाही.

मी तुकडे फडक्यात गुंडाळले. मग स्वतःचे दोन शर्ट पिशवीत भरले. पाय स्टेशनकडे निघाले, मी त्यांना सांगितलं नव्हतं. शेगावचं तिकीट काढायच्या रांगेत उभा राहिलो. नंबर आला, मागच्याला पुढे जाऊ दिलं. असं चार वेळा. पुलावर गेलो, गाड्या पाहिल्या. एका डब्याखालची कमान दिसली, वाकत होती, उठत होती. नीट समजावलेली. मोटारीखालचं तुटलं तर तुटलेलं टोक खाली लोंबणार, टायरात घुसणार, आणि मागे बसलेली बाई आठ महिन्यांची. मला वाटलं, परवाच्या पेपरात मी शेगावला वाचेन.

लाडू खिशात होते. तेवढ्यानं परतलो असं म्हणणार नाही. पण खिशात होते.

शेडला आलो तेव्हा पाच वाजून गेले होते. मिस्त्री ऐरणीजवळ उभे. मी फडकं सोडून तुकडे समोर ठेवले. त्यांनी तुटलेल्या कडेवर अंगठा फिरवला. मग पाटा उलटा केला, अर्धी चंद्रकोर पाहिली.

"समजावले नाही," म्हणाले. विचारलं नाही, म्हणाले.

मी डायरी पुढं केली.

"मले कायले देतो? वाचून दाखव. दहा तारीख."

उभ्यानं वाचलं. भट्टीवर पाणी ओतलं, ते. पाट्यांना झेंडू वाहिला, ते. मग रावण. रावण संपता संपेना. बांबू, कैची, सातव्या डोक्याचं नाक, वीस मिश्या, सर्कस, चिवडा, उंट. भैय्याजीही लेथ बंद करून ऐकत होते. शेवटी "पाट्यांचं राहिलं" आलं. तेवढंच होतं ते. रावणाला एवढ्या ओळी आणि पाट्यांना दोन शब्द.

भैय्याजी म्हणाले, "गलती मेरी भी है, रुपरावजी. भट्टी मैंने बुझाई."

मिस्त्री म्हणाले, "नाही भैय्याजी. तुमचा दिवस तुमी पाळला, माहा मी पाळला. दोघाईच्या मधात एक हा होता. हा रावन पाहाले गेला."

भिवापूरची शेवटची एस.टी. साडेचारला सुटते. मी स्टेशनच्या रांगेत उभा होतो तेव्हा. मिस्त्रींनी ते घड्याळाकडे पाहून ओळखलं असणार. तो विषय काढला नाही. सकाळची पहिली साडेपाचला आहे, तिनं ते जाणार, गाडी निघायच्या आत पोचले तर थांबवतील.

मी म्हटलं, मी जातो. मला जाऊ द्या, पळत जातो.

"तुले जाता तं येतेच," म्हणाले. "तू थांब. ते तुले येत नाही. उरलेला पाटा पुन्हा लाल कर, खूण घासून काढ, एक नवा काप. दोन्हीले पाणी पाज, दोन्हीले समजाव. मी येईपर्यंत भट्टीजवळून हलायचं नाही."

घरी जेवायला बोलावलं. मी गेलो नाही. त्यांनी भाकर पाठवून दिली.

१८ ऑक्टोबर

सकाळी नऊ. मिस्त्री पहिल्या बसनं गेले. चंद्रकोर कानशीनं घासून काढली, जागा हाताला लागेनाशी झाली तोवर घासली. नवा पाटा कापला. भैय्याजी भोक पाडून गेले, जाताना पाण्याचा तांब्या भरून ठेवला.

साडेअकरा. दोन्ही तेलात बुडवले. आता पहिला मंद आचेवर आहे. काडी घासतो, धूर नाही. थांबणं म्हणजे काय असतं ते आज कळतं आहे. बाहेर मोर्चा गेला वाटतं, ढोल वाजत होते. कोणाचा ते माहीत नाही. पाहिला नाही.

बारा पाच. काडी धुरावली. पाट्यावर निळं चढलं, कडेकडून मधे, कबुतराच्या मानेसारखं. राखेत झोपवला. दहा तारखेला हे अर्ध्या घंट्याचं काम होतं.

दुसरा आचेवर ठेवला. मिस्त्री भिवापूरला केव्हाच पोचले असतील. गाडी तिथंच सापडली असेल. सापडलीच पाहिजे. शालिकराम कधी वेळेवर निघत नाही.

सव्वाबारा. गाडी नव्हती तिथं तर?

साडेबारा. दारात कोणी आलं आहे. मिस्त्री नाहीत, शालिकरामही नाही. मी वर पाहिलं तर एक जडावलेली बाई, एक हात कमरेवर, एक चौकटीवर. मी तिला कधी पाहिलेलं नाही. नाक मिस्त्रींचं आहे.

ती आता मिस्त्रींच्या वेताच्या मोढ्यावर बसून पाणी पिते आहे. भैय्याजी रिक्षा आणायला धावले आहेत. तेवढ्यात लिहून घेतो. पाचगावच्या पुढं नाल्याच्या रपट्यावर, म्हणजे ठेंगण्या फरशी पुलावर, गाडीखाली आवाज झाला. शालिकराम रोजच्यासारखा उशिरा निघाला नव्हता, जावयानं उजाडायच्या आत काढून दिलं. गाडी हळू होती, रपटा होता म्हणून. टायर फुटला, गाडी कठड्याला घासून थांबली. कोणाला फार लागलं नाही. सिंधूताईंच्या गुडघ्याला खरचटलं आहे, त्या कोपऱ्यावरच्या डॉक्टरकडं बसल्या आहेत. शालिकराम गाडीजवळ. मागून आलेल्या दोन भरलेल्या एस.ट्या थांबल्याच नाहीत, दोघी तासन्‌तास बसून तिसरीत आल्या; गाडी चालू होती तेव्हा समोरून गेलेल्या एस.टी.त मिस्त्री होते हे त्यांना काय माहीत.

"पोटात?" मी विचारलं. 

"लाथा मारून राहिलं," ती म्हणाली. "गाडीवाल्याहून जास्त चिडलं आहे."

मग तिनं पिशवीतून फडकं काढलं. शालिकरामनं बाबाला द्यायला सांगितलं म्हणाली. फडक्यात अर्धा पाटा. खुणेच्या खाचेत अजून हळद आहे. तिनं तो उलटा करून माझ्यासमोर धरला.

"बाबाच्या हातचं आजवर कधी तुटलं नाही," ती म्हणाली. "अन् बाबा कामावर खूण कधी टाकत नाही. हा अर्धा चांद कोनाचा आहे गा?"

मी म्हटलं, "माझा."

ती पाटा मांडीवर ठेवून भट्टीकडं पाहत बसली आहे. दुसऱ्या पाट्यावर काडी घासायची वेळ झाली.